सेन्सरवाला मायक्रोवेव्ह नेमकं ओळखतो काय?

फ्रिजमधली भाजी वाडग्यात काढायची, झाकण ठेवायचं, ‘सेन्सर रिहीट’चं बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. किती मिनिटं, किती पॉवर, वजन किती, काहीही सांगायचं नाही. सुरुवातीला पडद्यावर वेळही दिसत नाही. मग मध्येच बीप वाजतो, ‘४० सेकंद’ असा आकडा उमटतो आणि उलटी मोजणी सुरू होते. हे ४० सेकंद यंत्राला कुठून कळले? हे एकदा समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यानंतर माहितीपुस्तिकेतले विचित्र वाटणारे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते का केले असतील हे आपलं आपल्यालाच कळतं. कुठल्या पदार्थाला हे बटण दाबायचं आणि कुठल्याला नाही, याचाही उलगडा होतो.

उत्तर अगदी साधं आहे. यंत्राला तुमची भाजी दिसत नाही आणि बहुतेक मॉडेलांत तिचं तापमानही कळत नाही. ते वाफेची वाट बघत असतं.

आधी मायक्रोवेव्ह तापवतो कसा, ते थोडक्यात बघू. आतली मॅग्नेट्रॉन नावाची नळी २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. या लहरींची लांबी साधारण १२ सेंटीमीटर असते. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असल्याने लहरींच्या विद्युतक्षेत्राबरोबर तो सतत दिशा बदलू पाहतो, शेजारच्या रेणूंना धक्के देतो आणि त्यातून उष्णता तयार होते. ‘मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ आतून बाहेर तापतो’ हा समज खरा नाही. ओलसर पदार्थात या लहरी दोन-तीन सेंटीमीटर शिरेपर्यंत बऱ्याचशा विरून जातात. त्याहून आतला भाग तापतो तो बाहेरून झिरपत आलेल्या उष्णतेने, म्हणजे गॅसवर तापतो तसाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सेन्सर नेमका कुठे फसतो ते हिच्यावरूनच समजेल.

मॅग्नेट्रॉन मुळात युद्धातल्या रडारसाठी घडवलेला. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांनी त्याचा स्वयंपाकासाठी उपयोग होईल हे हेरलं आणि १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चं पहिलं ‘रडाररेंज’ माणसाच्या उंचीचं आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. घरातल्या ओट्यावर मावेल असं लोकप्रिय मॉडेल अमाना कंपनीने १९६७ मध्ये आणलं, किंमत ४९५ डॉलर. यंत्र लहान झालं, स्वस्त झालं, पण एक अडचण तशीच राहिली: वेळ किती लावायची?

ही अडचण दिसते तेवढी किरकोळ नाही. पाव किलो भात घ्या. फ्रिजमधून काढलेला, म्हणजे ४ अंशांवरचा भात ७४ अंशांपर्यंत न्यायला ढोबळमानाने ५८ किलोज्यूल उष्णता लागते. पदार्थाला पूर्ण ८०० वॅट मिळाले असं धरलं तर ७० सेकंदांच्या आसपास. तोच भात ओट्यावर २८ अंशांना असेल तर ४७-४८ सेकंद पुरतात. भात तोच, वाडगा तोच, पण वेळ दीडपट. त्यात वाडगा जाड चिनी मातीचा आहे की पातळ काचेचा, भात मोकळा आहे की दाबून भरलेला, आज व्होल्टेज किती आहे, हे सगळं आलंच. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मायक्रोवेव्हची ताकदही उतरते, आणि सकाळी दोन मिनिटांत गरम होणारी आमटी रात्री कोमटच राहते.

वेळ कमी पडली तर निदान पुन्हा लावता येते. जास्त झाली की नुकसान भरून येत नाही. पदार्थ १०० अंशांपर्यंत आला की पुढची उष्णता तापमान वाढवण्यात जात नाही, पाण्याची वाफ करण्यात जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ ज्यूल लागतात. म्हणजे ८०० वॅटचं यंत्र उकळत्या पदार्थातून मिनिटाला जवळपास २० ग्रॅम पाणी उडवतं. बशीभर पोहे दोन मिनिटं जादा राहिले तर ४० ग्रॅमपर्यंत पाणी गेलं. मग कडेचे पोहे दाताखाली खड्यासारखे लागतात यात नवल ते काय.

म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी तोच क्षण पकडायचं ठरवलं, जो आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पकडला जातो. पोहे परतून झाकण ठेवणारी बाई घड्याळ बघत नाही. झाकणाच्या कडेने वाफ निसटायला लागली की ती ओळखते, आता एवढा-एवढा वेळ अजून ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. सेन्सर हेच करतो, फक्त ‘एवढा-एवढा’ म्हणजे किती, ते त्याला आकड्यांत आधीच शिकवून ठेवलेलं असतं.

मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो. तो आतली हवा एका वाटेने बाहेर फेकतो, आणि त्या वाटेत पेन्सिलीच्या टोकाएवढा आर्द्रता-सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या एका सर्वपरिचित रचनेत दोन थर्मिस्टर असतात, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारे दोन मणी. एक कोरड्या हवेत सीलबंद असतो, दुसरा बाहेर जाणाऱ्या हवेत उघडा. दोघांनाही वीज देऊन तापवलेलं असतं. वाफ मिसळलेली हवा कोरड्या हवेपेक्षा वेगळ्या गतीने उष्णता ओढून नेते, त्यामुळे उघड्या मण्याचं तापमान जरासं हलतं आणि दोघांमधला फरक यंत्राला कळतो.

कोकणातल्या जुलैत हवाच दमट असताना हा सेन्सर गोंधळत नाही का? सहसा नाही. ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना घनमीटरभर हवेत २७ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. १०० अंशांच्या निव्वळ वाफेत तेच सुमारे ६०० ग्रॅम असतं. बाहेर पडेपर्यंत ती वाफ हवेत मिसळून पातळ होते हे खरं, तरी उडी ठसठशीत असते. शिवाय यंत्र सुरुवातीच्या हवेशी तुलना करतं, त्यामुळे मुळात हवा किती दमट आहे याने फार बिघडत नाही. बिघडतं ते सुरुवातच वाफेने भरलेली असली तर.

आता हिशोबाकडे येऊ. बटण दाबल्यापासून वाफेची पहिली ठळक चाहूल लागेपर्यंत किती वेळ गेला, ते यंत्र मोजतं. समजा ८० सेकंद गेले. भाजी गरम करण्यासाठी त्याच्याकडे एक गुणक साठवलेला आहे, समजा ०.५. मग ८० गुणिले ०.५, म्हणजे आणखी ४० सेकंद. पडद्यावर अचानक उमटणारा आकडा हाच. पदार्थ जास्त असेल, थंड असेल किंवा व्होल्टेज कमी असेल तर वाफ उशिरा येते, आणि पुढची वेळही त्याच प्रमाणात वाढते. बटाट्याचा गुणक वेगळा, तांदळाचा वेगळा, पालेभाजीचा वेगळा. ‘बटाटा’, ‘भाज्या’, ‘भात’ अशी वेगवेगळी बटणं असतात ती यासाठीच. आत काय ठेवलंय हे यंत्र ओळखत नाही. ते तुम्ही बटणातून सांगता आणि ते त्यानुसार गुणक उचलतं. बटाट्याचं बटण दाबून पालक ठेवला तर पालकाचा चोथा झालेलाच बाहेर येणार.

एवढं कळलं की बाकीचे नियम सुतासारखे सरळ होतात.

वाडगा बाहेरून कोरडा हवा. धुतलेल्या वाडग्याला चिकटलेलं पाणी पदार्थाच्या आधी वाफाळतं आणि यंत्राला वाटतं, झालं. आतली फिरती काचेची थाळी आणि भिंतीही पुसलेल्या हव्यात, त्याच कारणासाठी.

झाकण हवं, पण हवाबंद नको. झाकणच नसेल तर वाफ पहिल्यापासून थोडी थोडी निसटत राहते, ठळक क्षण असा येतच नाही आणि पदार्थही सुकतो. झाकण घट्ट बसलं तर वाफ कोंडते, सेन्सर वाटच बघत राहतो आणि आत पदार्थाचा भुगा होतो. क्लिंग फिल्म लावली असेल तर एक कोपरा दुमडून फट ठेवायची. काचेचं किंवा मायक्रोवेव्हला चालणाऱ्या प्लॅस्टिकचं झाकण असेल तर ते किंचित तिरपं ठेवायचं. भातासाठी माझी पद्धत ठरलेली आहे: भात हाताने मोकळा करायचा, वरून दोन चमचे पाणी शिंपडायचं, झाकण तिरपं ठेवायचं. शिंपडलेल्या पाण्याची वाफ भातातून फिरते, शितं पुन्हा मऊ होतात आणि सेन्सरलाही वाचायला काहीतरी मिळतं. अख्ख्या बटाट्याला काट्याने चार ठिकाणी टोचायचं तेही दुहेरी कामाचं आहे. बटाटा फुटत नाही आणि वाफेला बाहेर यायला वाट मिळते.

वेळेचा आकडा दिसेपर्यंत दार उघडायचं नाही. उघडलंत की जमलेली वाफ निघून जाते आणि मोजणी निरर्थक होते. आकडा दिसल्यावर मात्र खुशाल उघडा, ढवळा, बंद करून पुन्हा सुरू करा. तोवर सेन्सरचं काम संपलेलं असतं, उरलेला वेळ नुसतं घड्याळ चालू असतं. ढवळण्यासाठी तर हाच उत्तम मुहूर्त.

लागोपाठ सेन्सर वापरायचा असेल तर मध्ये थोडं थांबावं, दार उघडून आतली गरम दमट हवा जाऊ द्यावी. प्लग नुकताच लावला असेल तर सेन्सरला स्थिरावायला काही मिनिटं द्यावीत. काही माहितीपुस्तिकांत खोलीचं तापमान ३५ अंशांच्या वर नको असंही लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या स्वयंपाकघरात ही अट पाळणं अवघडच. तिथे दुपारच्या वेळी सेन्सरच्या भरवशावर न राहता हाताने वेळ लावणं बरं.

आता सेन्सर फसतो कुठे, ते बघू. माझ्या मते माहितीपुस्तिकांत हे पुरेसं सांगितलेलं नसतं. खोल डब्यात घट्ट बसलेला गारढोण वरणभात घ्या. लहरी दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात. कडा झपाट्याने तापतात, उकळतात, वाफ सोडतात. सेन्सरला वाटतं पदार्थ तापला, आणि तो थोडीशी वेळ लावून मोकळा होतो. मध्यभागी बोट घातलं तर गार लागतं. म्हणून गरम करायचा पदार्थ पसरट भांड्यात, दोन-अडीच सेंटीमीटरच्या थरात ठेवावा. जमलं तर मध्ये खळगा करून कडेने रचावा. आणि झाल्यावर लगेच ताटात वाढू नये, झाकणासकट दोन मिनिटं ठेवावा. कडेची उष्णता तेवढ्यात मध्यभागी पोचते. माहितीपुस्तिकेतल्या ‘स्टँडिंग टाइम’चा अर्थ हाच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही यालाच.

प्रमाणाचंही तसंच. दोन घासांची भाजी ठेवली तर वाफ इतकी थोडी येते की सेन्सरला चाहूलच लागत नाही. वाटीभरापेक्षा कमी काही असेल तर हातानेच ३०-४० सेकंद लावा.

आणि ज्या पदार्थात मुळात पाणीच कमी, तिथे हे बटण कामाचं नाही. पापड भाजणं, शेंगदाणे भाजणं, रवा भाजणं, पोळी गरम करणं, चिवडा पुन्हा कुरकुरीत करणं, यातलं काहीही सेन्सरवर करू नये. या पदार्थांना वाफ फुटायची ती जेमतेम, आणि यंत्र तिची वाट बघत बसलं तर तोवर शेंगदाणे आतून करपलेले असतात. पापड मिनिटभराच्या आत होतो, समोर उभं राहून बघावा. दूधही सेन्सरवर नको, ते उतू जातं त्या क्षणाचा आणि या हिशोबाचा मेळ बसत नाही. गोठलेलं मटण किंवा मासे सैल करणं हा तर वेगळाच प्रकार. बर्फ या लहरी फारच कमी शोषतो आणि पाणी भरपूर. त्यामुळे जिथे आधी बर्फ वितळला तिथे पाणी उकळायला लागतं आणि शेजारी अजून खडक असतो. म्हणून ‘डीफ्रॉस्ट’ सहसा वजनावर आणि कमी पॉवरवर चालतं. मध्ये थांबवून तुकडे सुटे करत, उलटवत राहावं लागतं.

काही महागड्या मॉडेलांत आर्द्रतेऐवजी इन्फ्रारेड सेन्सर असतो. तो पदार्थाच्या पृष्ठभागाचं तापमान लांबून वाचतो. त्याचे नियम थोडे उलटे आहेत: तिथे काही कार्यक्रमांत झाकण चालत नाही, कारण मग त्याला झाकणाचंच तापमान दिसतं. तुमच्याकडे कुठला आहे ते माहितीपुस्तिकेच्या पहिल्या काही पानांतच कळेल.

भारतात विकत घेताना मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. खोक्यावर ‘२०० ऑटो कुक मेनू’ लिहिलेलं असतं आणि दुकानदारही सांगतो, सगळं आपोआप होतं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हांमधले हे मेनू म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली वेळ आणि पॉवर असते. वजन निवडा, यंत्र तेवढी मिनिटं चालणार, पदार्थ गार असो वा गरम. ओळखण्याची खूण सोपी: बटण दाबताक्षणी पूर्ण वेळ पडद्यावर आली तर तो सेन्सर नव्हे. आधी काही काळ वेळ दिसली नाही आणि नंतर उमटली, तर आत सेन्सर आहे. ठरीव मेनू वाईट असतात असं नाही, पण सेन्सरचे पैसे मोजत असाल तर सेन्सर मिळायला हवा.

अमेरिकेत आणि कॅनडात ओट्यावरच्या साध्या मायक्रोवेव्हांमध्येही सेन्सर सर्रास मिळतो, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडे तो हमखास दिसतो. पण परत येताना तो सामानात भरून आणू नका. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत, आणि मायक्रोवेव्हमधला जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठीच बनवलेला असतो.

यंत्राची खरी ताकद घरीच मोजता येते. उष्णता टिकवणाऱ्या जाड भांड्यात नव्हे, साध्या काचेच्या भांड्यात एक लिटर गार पाणी घ्या, ढवळून तापमान मोजा. पूर्ण पॉवरवर बरोबर दोन मिनिटं चालवा, लगेच ढवळून पुन्हा मोजा. तापमान जितके अंश वाढलं त्याला ३५ ने गुणा. २० अंश वाढलं तर ७०० वॅट. भांडंही थोडी उष्णता खातं, म्हणून उत्तर जरा कमीच येईल. खोक्यावर ९०० लिहिलंय आणि उत्तर पाचशेच्या आसपास आलं, तर व्होल्टेज तपासा. ते ठीक असेल तर मॅग्नेट्रॉन म्हातारा झाला असण्याची शक्यता आहे. हा आकडा माहीत असला की कुठल्याही पाककृतीतली वेळ आपल्या यंत्राला लावून घेता येते.

सुरक्षिततेबद्दल लोकांना भीती वाटते ती लहरींची, आणि काळजी घ्यायला हवी ती मात्र भाताची. दारावरच्या जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटीमीटरची, त्यामुळे उजेड बाहेर येतो पण लहरी जवळजवळ येतच नाहीत. दार उघडताक्षणी मॅग्नेट्रॉन बंद करणारे एकाहून जास्त स्विच असतात. दार वाकलं असेल, बिजागरी ढिली झाली असेल तर वापर थांबवून दुरुस्त करून घ्यावं, एवढं पुरे. भाताचं तसं नाही. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो, आणि ते विष पुन्हा गरम करून नष्ट होत नाही. कितीही वाफ आली तरी नाही. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

दुसरी काळजी पाण्याची. गुळगुळीत काचेच्या ग्लासात नुसतं पाणी बराच वेळ तापवलं तर ते १०० अंशांच्या पुढे जाऊनही शांत दिसू शकतं, आणि चहाची पूड किंवा चमचा पडताच उसळून हातावर येतं. आधीच लाकडी चमचा घालून ठेवला की हा धोका बराच कमी होतो. आणि यंत्राची मागची पत्र्याची पेटी घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये काही हजार व्होल्टचा साठा असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

राहता राहिली सफाई, आणि सेन्सरवाल्या यंत्रात ती नुसती दिसण्यापुरती नसते. आतल्या भिंतीवर, सहसा उजवीकडे, पुठ्ठ्यासारखा एक चौकोन दिसतो. तो अभ्रकाचा असतो आणि लहरी तिथून आत येतात. त्यावर तेल-मसाल्याचे शिंतोडे साचले की ते जळून ठिणग्या उडतात. तो ओल्या फडक्याने अलगद पुसावा, काढून टाकू नये. हवा बाहेर जाण्याच्या झरोक्यांवर फोडणीचा चिकट थर बसला तर सेन्सरपर्यंत वाफ नीट पोचत नाही, आणि पदार्थ जास्त शिजायला लागतात. वाडगाभर पाण्यात अर्ध्या लिंबाच्या फोडी टाकून, लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा. चिकटपणा सुटतो आणि नुसत्या फडक्याने निघतो. झाल्यावर आतून कोरडं पुसा, थाळीखालचं कडंसुद्धा, आणि पुढचा पदार्थ सेन्सरवर लावण्याआधी दार दहा मिनिटं उघडं ठेवा.